वार कोणता

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दशरथराव, आज वार कोणता?"
भाऊ म्हणाला, "बुधवार.
पासोड्या विठोबापाशी उतरा,
आत गाडी जात नाही."

होता सोमवार.
बाईंनी कागदावर काहीतरी खोडलं.
मी सांगायला हवं होतं
की चोवीस वर्षं रिक्षा चालवलेल्या माणसाला
या शहरात वार विचारलात
तर तो पेठच सांगणार.
पण माझीच खात्री नव्हती.
कारण मग त्यांनी पेन दाखवलं.
तो बराच वेळ बघत राहिला, म्हणाला, "किल्ली."
घड्याळ दाखवलं. "किल्ली."
या कोण? माझ्याकडे बोट.
तो हसला, अगदी ओळखीचं हसला.
"किल्ली," म्हणाला.

मी कीटक विभागात. कंत्राटी.
टॉर्च, ओगराळं, खडू, औषधाची बाटली,
दिवसाला साठ घरं.
पिंप उघडा मावशी, म्हणायचं,
फ्रिजमागची ताटली ओढायची,
मनी प्लांटच्या बाटलीत उजेड सोडायचा.
उजेड पडला की अळ्या
स्वल्पविरामांसारख्या वळवळत तळ गाठतात.
बंगल्यातले म्हणतात, "आमच्याकडे डास नसतातच हो,"
आणि मागचं कारंजं दाखवत नाहीत.
दारावर खडूनं तारीख. सही. पुढचं घर.

त्याला आधी नुसता ताप होता.
मनगटं अशी धरली की क्लच आवळवेना.
नाकावर काळसर डाग चढला,
कोळशाचं बोट फिरल्यागत.
गल्लीत घरटी एकाला तसंच होतं,
सगळेच म्हातारे होऊन जिना उतरत होते,
एकमेकांना हसत होते.
सहाव्या रात्री तो उठला,
कपाट उघडून आत बसू लागला.
"स्टेशनला कोण येतंय?"
दोनदा विचारलं.
मग झटका आला.

ससूनमध्ये त्याच्या पाठीतनं पाणी काढलं.
मला वाटलं, गढूळ असेल.
नितळ होतं.
वॉर्डबॉयनं नळी खिडकीकडे धरली
आणि सवयीनं मी
त्यात वळवळ शोधली.

रिपोर्ट पाषाणहून आला. चिकनगुनियाच.
पण तो तर सांध्यांत असतो ना बाई?
"क्वचित मेंदूतही जातो."
क्वचित.
हा शब्द मी तोवर
फक्त शाळेच्या पुस्तकात वाचला होता.

त्या रविवारी मी आमची चाळ तपासली.
बिनपगारी, बिनखडूची.
चौदा पिंपं, दोन हौद, गच्चीवरची करवंटी,
सुताराच्या पोरानं ठेवलेला फुटका हेल्मेट.
त्याची स्टेपनी पालथी केली, आत बोटं घातली.
कोरडी होती.
कोरडी का आहे, म्हणून मी
तिथंच बसून रडले.
भरलेली असती
तर कुणावर तरी ओरडता आलं असतं.
डास दिवसा चावतो. तो सबंध दिवस
मंडईच्या स्टँडवर असायचा,
आणि मी सबंध दिवस
दुसऱ्यांच्या घरात.

आता चार महिने झाले.
पेन पेन झालंय. मी अजून कधी कधी किल्ली आहे,
आणि चालेल मला.
उजवं-डावं मात्र परतलं नाही,
लायसन कपाटात आहे, त्याच कपाटात.

काल तपासणीहून येताना
त्याच्याच रिक्षात मागं बसलो,
पुढे चुलतभाऊ, नवशिका, सोमवारातच चुकलेला.
चौकात गाडी थांबली.
मागचे हॉर्न सुरू झाले.
दशरथ म्हणाला, "डावीकडे घे,"
आणि हात केला उजवीकडे.
पोरगं आरशात बघत राहिलं.
मी म्हटलं, हात बघ.
ते हाताच्या बाजूला वळलं.
बरोबर होतं.

जरा पुढे गेल्यावर दशरथ पुढे वाकला,
पोराच्या खांद्यावर टिचकी मारली.
"मीटर टाक की रे."
तो शब्द
पहिल्या झटक्यात आला.