पुढचा ब्रेक

एर्मेलिंदबाईंनी सायकल आणली
रिक्षाच्या टपावर बांधून, पिळर्णहून म्हापशाला.
"शाणू, चाकं तेवढी नवी दिसू देत.
नातू येतोय स्विंडनहून, फोटो काढणार म्हणतो."
मी म्हटलं, बघतो.
आमच्या धंद्यात 'बघतो' म्हणजे
हो नव्हे, आणि नाही तर नव्हेच नव्हे.

अठ्ठावीस इंची, काळी, सळयांच्या ब्रेकची.
मडगार्डावर कामराचा पितळी बिल्ला अजून,
कर भरल्याची साक्ष देणारा;
कर घेणारे कधीच गेले.
पुढे बत्तीस स्पोक, मागे चाळीस.
ते गणित बापानं शिकवलेलं:
वजन मागे पडतं, म्हणून मागे आठ जास्त.

टायर उतरवले.
रिमवर कुणी मच्छरदाणीची पट्टी गुंडाळलेली,
तिच्याखाली गंज.
पावसाचा गंज मला कळतो, तो पावडर होतो.
हा पापुद्र्यानं सुटत होता.
"नेरूलच्या मिठागरावर हिशेब लिहायचे पप्पा," बाई म्हणाल्या होत्या,
म्हणजे चाकं रोज थोडं मीठ
हिशेबाबाहेर घरी आणायची.

शेजारच्या परसातली बिंबलं मागितली, घमेलंभर,
ठेचली, टबात सोडली, वर रिमा.
सकाळी पाणी काळ्या चहासारखं
आणि लोखंड उघडं, राखाडी,
क्रोमची बेटं इकडेतिकडे उरलेली.
हात दोन दिवस आंबट.

मग बेळगाव. क्रोमवाला तिथला.
तिसऱ्या दिवशी त्याचा फोन:
"पुढची करतो. मागची घेऊन जा.
बफला धरली तर कागद होईल तिचा."

परत आली तेव्हा दारात उजेडाला धरली.
आतल्या अंगाला, जिथे ब्रेकची रबरं वर ओढली जाऊन घासतात,
स्पोकांच्या दोन्ही बाजूंना दोन चर,
नख बसेल इतके.
आणि पुढची रिम पाठवण्याआधी मी हात फिरवला होता,
आठवलं:
गंज होता, पण चर नव्हता.
कारखान्याची रेघसुद्धा शाबूत.
पुढची रबरं डब्यात होती, काढून बघितली.
चिंचोक्यासारखी टणक, कोपरे तसेच.

पिळर्णाची ती उतरण
रोज फक्त मागच्या ब्रेकवर?
वेडा होता की काय हा माणूस, मी स्वतःशीच.

फोन लावला.
"बाय, पप्पा पुढचा ब्रेक मारत नव्हते?"
पलीकडे कोंबड्या. कुणीतरी नळ बंद केला.
"मला काय ठाऊक रे. मी पुढे दांड्यावर बसायचे,
शाळेपर्यंत.
हँडल घट्ट धरायचे, भीती वाटायची ना.
एकदा बोट सापडलं त्या सळीत.
करंगळी अजून वाकडी आहे,
आलास की दाखवते.
पण शाणू, क्रोमचं काय झालं?"

क्रोमचं सांगितलं. बाकीचं
जिभेवर आलं होतं.

मागची रिम मी तशीच ठेवली,
खोबरेल तेलात काजळी कालवून दोन हात दिले.
स्पोक ओढायला घेतले, पाव आटा, पाव आटा,
ती कुरकुरली, थांबलो.
खडू धरून फिरवली:
तांदळाएवढी डुलते.
डुलू दे.
बिलात तिचं काही लावलं नाही.
पुढची रबरं मात्र नवी बसवली.

बाई शनिवारी आल्या, बाजाराची पिशवी घेऊन.
पुढचं चाक इतकं चकाकत होतं
की पिशवीतले बांगडे त्यात दिसले.
मागच्याकडे बघून म्हणाल्या, "हे काळंच राहिलं?"
"राहिलं."
थोडा वेळ त्या गप्प.
मग मी हँडल उचलून धरलं, चाक जोरात फिरवलं,
आणि त्यांनी, विचारलंही नव्हतं मी,
पुढचा ब्रेक दाबला.
चाक जागच्या जागी थांबलं.
"लागतो की हा!"
म्हणाल्या, आणि परत दाबला,
करंगळी तेवढी बाहेर ठेवून.