टिंब

रात्री पावणेबाराला दौलत गांगुर्डेचा फोन.
“ताई, दिंडोरीच्या शीतगृहात उभाय.
बोर्डावरचा आर सतरा जळून कोळसा झालाय,
रंगाचे पट्टे दिसंनात. ड्रॉइंग टाका.”

मी इंदिरानगरला, घरी.
ओट्यावर लॅपटॉप, शेजारी विरजण लावलेलं पातेलं.
फाइल, एक्सपोर्ट, इमेज, ओके.
रिझोल्युशन किती, असं सॉफ्टवेअरनं विचारलं होतं,
मी न वाचताच होकार दिला,
आपण बँकेत सही करतो तसा.
काळ्या पडद्यावर पिवळ्या तारा, हिरवी अक्षरं,
माझ्या डोळ्यांना आठ वर्षांची सवय.
पाठवून दिलं. झोपले.

साडेबाराला पुन्हा.
“रेझिस्टर बसवला. डिस्प्लेवर छत्तीस दाखवतंय,
आणि इथं माझ्या मिशीला दव.
कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेईना.”
किती ओमचा बसवलास?
“सत्तेचाळीस के. तुमच्याच चित्रात आहे.”

माझ्या चित्रात चार पूर्णांक सात होतं.
पूर्णांकानंतरचं टिंब
वाटेत कुठंतरी गळालं होतं.
ए-तीनचा अख्खा कागद दाबून
मी त्याच्या तळहाताएवढ्या,
कोपऱ्यात तडकलेल्या काचेत कोंबला होता.
जे सगळ्यात लहान, ते सगळ्यात आधी गेलं.

“आणि ताई, त्या दोन तारा एकमेकींवरून जातात
का एकमेकींना जोडल्यात?”
तिथंही टिंबच होतं.

शाळेत अनुस्वार राहिला
की बाई वहीवर लाल गोल करायच्या.
रंगाची रग होते, म्हणायच्या,
वंशाचं वश होतं.
तेव्हा हसायचो आम्ही मागच्या बाकावर.

पलीकडे द्राक्षांचे बाराशे खोके
आणि आत उणे एक.
मेन स्विच पाड म्हटलं, आधी मेन पाड.

मग नीट बसले.
पार्श्वभूमी पांढरी. तारा काळ्या, जाड.
जाळीचे ठिपके बंद केले,
ते उगाच टिंबांची सोंगं घेतात.
अक्षरं दीडपट. सहाशे डीपीआय.
पानाचे चार तुकडे, प्रत्येकाच्या कडेला
शेजारच्या पानाची दोन बोटं जास्तीची,
म्हणजे तार तुटली तरी सापडेल.
आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नाही,
डॉक्युमेंट म्हणून;
फोटोला ते वाटेत पुन्हा पिळून काढतं.

पाठवण्याआधी उठले,
स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागे गेले,
चष्मा काढला आणि वाचून पाहिलं.
आठ वर्षांत पहिल्यांदा.

दीड वाजला. दोन.
निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.
दही लागायला हवं होतं, मी पातेलं दोनदा हलवलं.

सव्वादोनला त्याच्याकडून एक फोटो.
द्राक्षाच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा,
त्यावर स्केचपेननं काढलेलं माझंच सर्किट.
सगळं नाही, फक्त सेन्सरची बाजू,
त्याला लागणारे अकरा भाग.
शीर्षकाची चौकट गाळलेली,
कंपनीचं बोधचिन्ह गाळलेलं,
“रेखाटन: र. खैरनार” तेही गाळलेलं.
जोडाच्या ठिकाणी टिंबं, ज्वारीच्या दाण्याएवढी.
आणि आर सतराच्या पोटात
चार, मग के, मग सात.
टिंबाच्या जागी अक्षरच बसवलेलं,
हलणार नाही, पुसणार नाही, असं.

“हात गारठलेत, मोबाइल धरवत नाही,” त्यानं लिहिलं,
“म्हणून पुठ्ठ्यावर घेतलं. एवढं बरोबर ना?”

फोटो हललेला होता. कोपऱ्यात त्याचा अंगठा,
वर वाफेचा पडदा.
तरी मला प्रत्येक आकडा वाचता आला.

बरोबर, मी लिहिलं.
आणि बोटानं,
कधी नव्हे ते,
वाक्याच्या शेवटी पूर्णविराम दिला.