दगडफूल

मे महिन्याच्या दुपारी गोळीबार चौकात
कुत्रंसुद्धा सावली बदलायला उठत नाही.
कूलरच्या वाळ्यावर तांब्याभर पाणी मारून
शशिकलाबाई पराते
खानावळीच्या मागच्या खोलीत पिशवी उपडी करतात.
खडे मीठ. जुनी चिंच, काळी पडलेली.
नेथिलीची सुकट, तमिळ पेपरात बांधलेली.
आणि एक शिंपला, ज्याला कान लावला की
आमच्या कूलरचाच आवाज येतो.

मी त्यांचा हिशेब ठेवते. सोबत म्हणून गेले होते.
खर्चाच्या वहीत मागच्या पानावर गावं लिहिली:
नागपट्टिनम, नागूर, कारैकाल, तरंगंबाडी.
नागूरच्या फलाटावर बाई खदखदून हसल्या.
"आपलंच गाव हाय हे, माय.
फक्त मधला 'प' खाल्ला ह्या लोकाईनं."

ऊन तिथंही होतं.
पण आपलं ऊन सावकारासारखं दारात बसून राहतं,
तिथलं अंगाला मीठ चोळतं
आणि चार वाजता वाऱ्याबरोबर निघून जातं.
बाई वाळूत पाय पसरून म्हणाल्या,
"एवढं पाणी, अन् घागर कोणाजवळच नाही."

एका खानावळीत जेवून त्यांनी केळीचं पान
स्वतःपासून दूर, पलीकडच्या बाजूला दुमडलं.
वाढप्याचा चेहरा उतरला.
तसं पान दुमडतात मयताच्या जेवणात,
हे शेजारच्या पोस्टमास्तरनं मोडक्या हिंदीत सांगितलं.
बाईंनी पान पुन्हा उघडलं,
आणखी भात मागवला, तोही संपवला,
आणि पान नीट आपल्याकडे वळवलं.

तरंगंबाडीला, पिवळ्या किल्ल्याच्या मागे,
सेल्वीचं तीन बाकड्यांचं हॉटेल.
माशाच्या कालवणाचा पहिला घास घेतला
आणि बाई बोटं चाटायच्या थांबल्या.
उठल्या, सरळ चुलीपाशी गेल्या.
मी म्हटलं, अहो, परक्याचं घर आहे.

भाषा नव्हती. तळहात होते.
सेल्वीनं धने ठेवले, बाईंनी मान हलवली.
मिरं. बडीशेप. मान हलवली.
मग तिनं ठेवला
एक करडा, चुरगळलेला, हलका तुकडा,
जळलेल्या कागदाच्या कडेसारखा.
"कल्पासी."
बाईंनी कमरेचा बटवा सोडला.
सावजी मसाल्याची पुडी घेतल्याशिवाय
त्या लग्नालाही जात नाहीत.
त्यातून निघाला तसाच तुकडा.
"दगडफूल."

सेल्वीनं पाट्यावर टकटक केलं: कल्.
बाईंनी वरवंट्यावर टकटक केलं: दगड.
मग दोघी एकमेकींचा तळहात हुंगत बसल्या,
आणि माझा भात निवला.

परतताना स्टेशनवरून रिक्षा
झिरो माइलपाशी थांबवायला लावली.
खांबावर गावांची नावं, मैलांचे आकडे.
समुद्र कुठंच नाही.
बाईंनी हात लांब करून दगड नखानं खरवडला.
"काहीच उगवलं नाही यावर," म्हणाल्या.
पाठीमागून बसवाला हॉर्न वाजवत होता.

आज त्यांनी ते कालवण केलं.
चिंच भिजवली, नारळ वाटला,
सुकट भाजताना अख्ख्या गल्लीनं खिडक्या लावल्या.
वसंता हेडाऊ, रोजचा मटण-भाकरीवाला,
ताटाकडे पाहत राहिला.
"तर्री काहून नाही, बाई? अन् नारळ कायले?"
"खाय गपचूप."
"मीठ जास्त झालं."
"तिथं तसंच असते."
त्यानं खाल्लं. नाकावर घाम आला.
वाटी पुढं केली, तोंडानं काही बोलला नाही.

मी वही उघडली.
चिंच पावशेर, नारळ तीन,
सुकट: घरची.
जमा: एक ताट, दोन वाट्या, उधार.
शिंपला गल्ल्यावर ठेवलाय, नोटा उडू नयेत म्हणून.