जेवणाची सुट्टी

बाबा कोर्टाच्या पायऱ्या चढले की
खिडकीत पाटी लागायची : जेवणाची सुट्टी.
सकाळी नऊलासुद्धा.
"या लोकांना भूक फार," आई म्हणायची,
सदऱ्याच्या कॉलरवर इस्त्री दाबत.

अलाबामातला उन्हाळा, कापसाच्या धुळीनं
सगळ्यांचे घसे बसलेले,
आणि बाबा अकराव्यांदा रांगेत.
एकटेच, तरी रांगेत.

त्या दिवशी पाटी नव्हती. कारकुनानं विचारलं,
मत हवंय? मग सांग,
साबणाच्या वडीत बुडबुडे किती?
बाबा म्हणाले,
"तुमचे हात धुऊन निघतील इतके नाहीत."
रात्री आमचं खुराडं जळलं.
आई उजाडेपर्यंत राखेतून खिळे वेचत होती.
खिळे महाग होते.

पुढचे मोर्चे, तुरुंग, लोक सांगतातच.
मला आठवतं ते निवडून आल्यानंतरचं :
त्याच खिडकीमागे आलोन्झो पेटिग्रू,
एका हातानं मक्याची भाकरी मोडत
दुसऱ्यानं शिक्के मारत.
समोर त्या कारकुनाची मुलगी,
लग्नाचा परवाना हवा होता तिला.
"जेवून घ्या, थांबते मी."
"झालंच," म्हणाले बाबा.

कागदावर लोण्याचं बोट उमटलं.
तिनं ते पुसलं का,
मला दिसलं नाही.