वेर

नोटरी गोल्व्हेनने पुरलेल्या पेटीचा नकाशा ठेवला नाही.
मरताना उशाशी मी होते, रात्रपाळीची नर्स.
पुटपुटला: चर्चपासून साँ पा, मग वेर.
औषधांच्या तक्त्यामागे मी टिपून घेतलं:
शंभर पावलं. मग – ?

आमच्या फ्रेंचमध्ये वेर म्हणजे काच.
त्याची भाची एनोरा, तिने आधी खणलं
बंद पडलेल्या बाटल्यांच्या कारखान्यामागे.
बाटल्याच निघाल्या. एकीत घोटभर सायडर.

वेर म्हणजे हिरवाही.
त्या साली रोस्कोफमधलं एकही हिरवं दार सुटलं नाही.
पाववाल्या मादाम केरमारेकने
रातोरात आपलं निळं करून घेतलं.

वेर म्हणजे गांडूळ. त्या महिन्यात
गळाला आमिष फुकट; मासे पोटभर खाल्ले आम्ही.

वेर म्हणजे कवितेची ओळ:
थडग्यांवरचं शेवाळ खरवडत
ओळ न् ओळ वाचत फिरली.
हरवलेले पणजोबा तेवढे सापडले.

आणि वेर म्हणजे ‘कडे’.
नुसतं कडे. कुणाकडे, ते नाही.

अकरा वर्षं.

काल भांडी घासताना सहज तोंडात आलं, साँ पा,
आणि हात थांबला.
साँ म्हणजे शंभर.
साँ म्हणजे विनाही.
एकही पाऊल न टाकता.
म्हणजे चर्चची पायरीच, जिथे बसून ती
दर रविवारी बुटांतली माती झटकते.

शंभर मी लिहिलं होतं. तो नव्हता म्हणाला.

तिच्या अंगणातून कुदळीला धार लावल्याचा आवाज येतोय.
एप्रन न काढताच
मी फाटकापर्यंत आलेय.