उघाडी

मी समुद्र दिसणारी खोली मागितली होती.
गोरिवल्यांच्या घराला त्या बाजूला खिडकीच नव्हती.
मागच्या भिंतीला टेकलेलं जुनं इसाड,
शेणींची रास, एक पालथी पाटी,
आणि भिंतीपलीकडे तो,
दिवसरात्र बडबडणारा.

घराचं तोंड डोंगराकडे.
वरकशीतली नाचणी केव्हाच काढून झालेली,
काजूला तांबूस पालवी,
खाली, भात कापलेल्या मळ्यात
पावटा नुकता फुलावर.

"तेचा काय बगायचा?" अनाजी गोरिवले म्हणाले,
"तो कंदी पिकतो काय?"

रात्री कुळथाची पिठी वाढताना
त्यांची सून मान वर न करता म्हणाली, "आज पुनव."
एवढंच.
त्यांनी हात धुतला, फावडं घेतलं.
मीही निघाले, चपला हातात.

एका बाजूला खाडी, काठोकाठ.
दुसऱ्या बाजूला, चार हात खाली, पावटा.
मधे मातीचा बांध, माझ्या दोन पावलांएवढा रुंद.
उघाडीची लाकडी झडप
पाण्यानेच लोटून घट्ट बसवलेली:
भरतीला आपली आपण मिटते, सुकतीला उघडते.
"आमच्यापक्षा शानी," म्हणाले.

मग थांबले.
मला नुसता समुद्र ऐकू येत होता.
त्यांनी त्यातून वेगळी काढली
खेकड्याच्या बिळातून आत येणारी
करंगळीएवढी धार.

पेंढा, चिखल, टाच.
पेंढा, चिखल, टाच.
"द्या, तुमी पन द्या."
मी दिली. पोटऱ्या भरून येईपर्यंत दिली.
खारं पाणी एकदा आत शिरलं की
जमीन तीन वरसं रुसते, ते सांगत होते,
आणि हाताने चिखल असा थापत होते
जशी पडवी सारवायची आहे.

परतताना विचारलं, भीती नाही वाटत त्याची?
बोलले नाहीत.
घराशी आल्यावर मागच्या भिंतीवर हात ठेवला,
बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.
"तेचा हिशोब दिसातना दोनदा.
आपला वरसातना एकदा.
जमायचा कसा?"

सकाळी एसटी घाटाच्या दुसऱ्या वळणावर आली,
सगळा समुद्र एकदम उघडला,
आणि पुढच्या सीटवरच्यांनी मोबाईल काढले.
मी मळा शोधत होते, मळ्याकडेची बांधाची रेघ,
आणि त्या रेघेत आम्ही बुजवलेलं भोक,
जे इतक्या उंचावरून
अर्थातच दिसत नाही.