निळ्या पिंपाची हद्द

भोसरीच्या मागे, जिथे नाल्याला नाव नाही,
नकाशात फक्त एक तुटक रेघ आहे,
तिथे मी बाटली बुडवली.
पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, वास
नेलपॉलिशच्या दुकानातला.
काठावर निळी पिंपं, उपडी. बॅच ४१७.
वहीत टिपून घेतलं.

बाटलीत आम्लाचे थेंब, तोंडावर लाख,
लाखेवर शिक्का, शिक्क्यावर माझी फुंकर.
पंच म्हणून गॅरेजवाला हुसैन मुलाणी
आणि रस्त्याने जाणारा एक, ज्याने नाव सांगितलं
आणि लगेच परत मागितलं.

कायदा म्हणतो, मालकाला आधी कळवा,
त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करा.
मालक जेवायला गेला होता.
तो बडीशेप चघळत येईपर्यंत
पाणी मोशी ओलांडून तुळापूरच्या वाटेला लागलं.
त्याला कुणी थांबायची नोटीस बजावली नव्हती.

ऑफिसात फाईल उघडली.
पाण्यात असेल तर आमचं,
ट्रकवर असेल तर परिवहनचं,
पत्र्याच्या शेडमध्ये कुणाच्या हाताची सालं निघाली
तर कारखाने निरीक्षकाचं,
रात्री पेटवून दिलं तर पुन्हा आमचं,
पण दुसऱ्या टेबलाचं.
त्या टेबलाच्या निपुंगेबाई रजेवर.
महापालिका कळवते : नाला आमचा, त्यातलं पाणी नव्हे.
पाटबंधारे कळवतं : पाणी आमचं, पण नदीत आल्यावर.

रसायनाला एवढं व्याकरण कुठून येणार?
ते एका वाक्यात वाहतं.

आणि खरं तर ते यादीत नाहीच.
यादीत त्याचा सख्खा भाऊ आहे,
एका अणूचा काय तो फरक.
भावावर बंदी आली, त्याच वर्षी
हा कामाला लागला.

मी पत्र लिहिलं, उचित कार्यवाहीस्तव.
प्रती पाच. पाचही ठिकाणांहून कळलं
की पत्र उचित कार्यवाहीस्तव पुढे पाठवलं आहे.
त्यातलं एक पुढे पुढे जात
माझ्याच टेबलावर आलं.
मी पोच दिली.

रविवारी बहिणीकडे, दिघीला.
टँकर दोन दिवसांआड, म्हणून दाजींनी
कुदळवाडीच्या भंगारातून पिंप आणलेलं, साडेचारशेला.
"जुनं आहे, पण भक्कम. तीनदा धुतलंय."
निळं. झाकणाला काळी रिंग.
अंगावर खरवडलेलं लेबल,
त्यात कवटीचा उरलेला एक डोळा
आणि खाली, पुसट, ४१७.

कारखान्यात ते घातक होतं,
भंगारवाल्याकडे रिकामं,
आणि इथे, मोरीशेजारी, झाकणावर तांब्या उपडा,
ते घरातलं भांडं झालं होतं.
भांड्यावर माझा कुठलाच नियम चालत नाही.

भाची पाणी भरायला वाकली.
मी खिसे चाचपले. बाटली नाही, लाख नाही,
अधिकारही नाही, रविवार.
पिंपाला दोन्ही हात लावले आणि आडवं केलं.
बहीण ओरडली : अरे, टँकर परवा येणार!

पाणी ओट्यावरून गटारात गेलं,
गटारातून, मला ठाऊक आहे कुठे.
विनापरवाना सोडलेलं, अंदाजे दोनशे लिटर.
सोडणारा : मी.
पंच : भाची, वय सात,
पाय घोट्यापर्यंत ओले.